मित्रांचे पियानो ट्रायो ऐकताना कान चेलोकडे ठेवावा

व्हायोलिन, चेलो आणि पियानो या तीन वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेला पियानो ट्रायो म्हणतात. एकोणिसाव्या शतकात लाइपझिग, ड्रेस्डेन, ड्युसेलडॉर्फ या जर्मन शहरांत एकमेकांच्या घरी येणे-जाणे असलेल्या काही संगीतकारांनी हा प्रकार मोठ्या हौसेने हाताळला. फेलिक्स मेंडेलसोन, क्लारा शुमान, रॉबर्ट शुमान आणि योहानेस ब्राम्स या चौघांपैकी तिघांचे ट्रायो एका संध्याकाळी वाजवणे हा चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीताच्या, मैफलींचा आता नेहमीचा बेत झाला आहे. अशा मैफलीला जाणाऱ्या, पाश्चात्त्य अभिजात संगीताची थोडीफार ओळख असलेल्या, पण या रचना पूर्वी न ऐकलेल्या श्रोत्यासाठी हे टिपण आहे. त्यातला मुख्य सल्ला एकच असल्यामुळे तो आधीच सांगून टाकतो : पहिल्यांदा ऐकताना चेलो काय करतो आहे, तेवढे पाहावे.

पियानोचा आवाज भरदार असतो आणि व्हायोलिनचा उंच, त्यामुळे कान आपसूक त्या दोघांकडे जातो आणि चेलो मधल्यामध्ये हरवतो. पण या प्रकाराचा सगळा इतिहास एका अर्थी चेलोच्या सुटकेचा इतिहास आहे. अठराव्या शतकातल्या हायडनच्या ट्रायोंमध्ये चेलो बहुतेक वेळ पियानोवादकाच्या डाव्या हाताचेच स्वर वाजवतो, कारण त्या काळच्या पियानोच्या खर्जात फारसा दम नव्हता आणि त्याला आधार लागत असे. बेटहोवनने १७९५ मध्ये आपले पहिले तीन ट्रायो ओपस १ (ओपस म्हणजे रचनेचा प्रकाशन-क्रमांक) म्हणून प्रसिद्ध केले, तेव्हापासून चेलो हळूहळू स्वतःचे बोलू लागला. शूबर्टच्या ट्रायोंत तो बरोबरीने गाऊ लागला. मेंडेलसोनच्या पिढीपर्यंत अशी स्थिती आली, की रचनेचे पहिले वाक्यच चेलोच्या तोंडी घालता यावे. म्हणून या ट्रायोंमध्ये चेलो पुढे केव्हा येतो, मागे केव्हा सरतो आणि गप्प केव्हा बसतो, हे ज्याला कळले त्याला रचनेचा अर्धा नकाशा हाती आला असे समजावे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. आपल्याकडच्या श्रोत्याला तीन वाद्यांचा संवाद म्हटला की जुगलबंदी आठवते. येथे मात्र प्रत्येक स्वर, त्याचा जोर आणि पुष्कळदा त्याची लयही कागदावर लिहिलेली असते. वादकांचे स्वातंत्र्य असते ते वाक्य किती ताणावे, कुठे श्वास घ्यावा आणि दुसऱ्याला वाट देण्यासाठी आपला आवाज किती आवरावा यांत. चढाओढ ऐकायला गेल्यास हाती काही लागणार नाही. वाट कशी दिली जाते ते ऐकायला गेल्यास भरपूर लागेल.

कार्यक्रमपत्रिका नीट वाचावी

तिकीट काढतानाच पत्रिकेत रचनेचे नाव, ओपस क्रमांक आणि स्वरपट्टी (आधारस्वर, आणि त्याचा बाज मेजर म्हणजे उजळ की मायनर म्हणजे उदास) पाहून ठेवावी, कारण आडनावावर विसंबून राहिल्यास घोटाळा होतो. शुमान म्हणजे रॉबर्ट की क्लारा, हे आधी बघावे. रॉबर्टचे क्रमांक घातलेले तीन ट्रायो आहेत : डी मायनरमधला ओपस ६३ आणि एफ मेजरमधला ओपस ८०, दोन्ही १८४७ चे, आणि जी मायनरमधला ओपस ११०, जो १८५१ मध्ये झाला आणि नील्स गाडे या डॅनिश संगीतकार मित्राला अर्पण केला गेला. क्लाराचा ट्रायो एकच, जी मायनरमधला ओपस १७, म्हणजे शुमान दांपत्याचे दोन ट्रायो एकाच पट्टीत आहेत. मेंडेलसोनच्या घरातही अशीच जोडी आहे. फेलिक्सचा पहिला ट्रायो, ओपस ४९, डी मायनरमध्ये आहे, आणि त्याची बहीण फॅनी हेन्सेल हिचा ओपस ११ देखील डी मायनरमध्येच आहे. फॅनीचा ट्रायो ११ एप्रिल १८४७ रोजी धाकटी बहीण रेबेका हिच्या वाढदिवसाला बर्लिनमध्ये घरीच वाजवला गेला. पुढच्या महिन्यात फॅनी वारली, आणि त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला फेलिक्सही गेला. हा ट्रायो छापून आला तो १८५० मध्ये. तो कार्यक्रमात असेल तर ती मैफल मुळीच चुकवू नये, कारण तो अजूनही कमीच वाजवला जातो.

ब्राम्सच्या बी मेजर ट्रायोबाबत, म्हणजे ओपस ८ बाबत, पत्रिकेत आणखी एक तपशील शोधावा लागतो : ही १८५४ ची आवृत्ती की १८८९ ची? नुसते ‘ओपस ८’ छापले असेल तर जवळजवळ नेहमीच नंतरची असते. दोन्हींमधला फरक पुढे सांगितला आहे.

वेळेचा अंदाजही घ्यावा. मेंडेलसोनचा ओपस ४९ आणि क्लाराचा ओपस १७ प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आत-बाहेर बसतात, रॉबर्टचा ओपस ६३ त्याहून थोडा लांबतो, आणि ब्राम्सचा ओपस ८ पस्तीस मिनिटांच्या पुढे जातो. म्हणून साधारणपणे दोन ट्रायो मध्यंतराच्या आधी आणि ब्राम्स नंतर अशी मांडणी असते. क्लाराला आरंभी ठेवून तिच्या रचनेला ‘वातावरणनिर्मिती’चे काम देण्याची आयोजकांची सवय मला पटत नाही, पण ती मोडेपर्यंत श्रोत्याने निदान वेळेवर येऊन बसावे. उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर थांबवतात आणि त्याच्या हातून नेमका तिचाच ट्रायो निसटतो.

कोण कोणाचा कोण, हे माहीत करून घ्यावे

फार चरित्र वाचण्याची गरज नाही, काही धागे पुरेत. मेंडेलसोन १८३५ पासून लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख होता. रॉबर्ट शुमान त्याच शहरात १८३४ मध्ये स्वतः काढायला पुढाकार घेतलेल्या संगीतविषयक नियतकालिकात समीक्षा लिहीत असे. मेंडेलसोनचा ओपस ४९ ऐकल्यावर रॉबर्टने १८४० मध्ये लिहिले, की बेटहोवनचे बी फ्लॅट आणि डी मधले ट्रायो आणि शूबर्टचा ई फ्लॅटमधला ट्रायो जसे आपापल्या काळाचे, तसा हा आजच्या काळाचा सर्वश्रेष्ठ ट्रायो आहे. त्याच लेखात त्याने मेंडेलसोनला एकोणिसाव्या शतकाचा मोत्सार्ट म्हटले. क्लारा ही त्या काळातली पहिल्या दर्जाची पियानोवादक होती आणि गेवांडहाउसमध्ये मेंडेलसोनबरोबर तिने अनेकदा वाजवले होते. रॉबर्ट आणि क्लारा यांचे लग्न १८४० मध्ये झाले, पुढे दोघे ड्रेस्डेनला राहायला गेले, आणि तेथे १८४६ मध्ये क्लाराने आपला ट्रायो लिहिला. दुसऱ्या वर्षी रॉबर्टने आपले पहिले दोन ट्रायो लिहिले. म्हणजे नवऱ्याने बायकोच्या मागून जाऊन हा प्रकार हाती घेतला, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

ब्राम्स या मंडळींत सर्वात शेवटी आला. योझेफ योआखिम या व्हायोलिनवादकाच्या सांगण्यावरून तो १८५३ च्या शरदात ड्युसेलडॉर्फला शुमान दांपत्याच्या दारी गेला, तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. त्याच महिन्यात रॉबर्टने त्याच्यावर स्तुतीचा प्रसिद्ध लेख लिहिला. बी मेजर ट्रायो ब्राम्सने १८५४ च्या जानेवारीत हानोफर येथे पुरा केला. फेब्रुवारीच्या अखेरीस रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली, त्याला वाचवण्यात आले, पण उरलेले आयुष्य त्याने बॉनजवळच्या एंडेनिख येथील मनोरुग्णालयात काढले आणि तेथेच १८५६ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

या पुढची क्लारा आणि ब्राम्स यांच्या नात्याची चर्चा कार्यक्रमपत्रिकांमध्ये चवीने केलेली असते. ती वाचायला हरकत नाही. मात्र वाजत असलेल्या रचनेत ती शोधत बसू नये. ओपस ८ लिहिताना ब्राम्सची क्लाराशी ओळख होऊन काही महिनेच झाले होते, आणि त्या रचनेत ऐकण्यासारखे इतके काही आहे की त्यावर प्रेमकथेचा पडदा टाकण्याचे कारण नाही.

आधीची तयारी

चारही ट्रायो संपूर्ण ऐकून जाण्याचा हट्ट धरू नये. डोक्यात सगळ्यांची भेसळ होते. प्रत्येक रचनेतल्या चार भागांपैकी एकच भाग निवडून तो मैफलीच्या आधीच्या आठवड्यात दोन-तीनदा ऐकावा. मेंडेलसोनचा पहिला भाग, क्लाराचा तिसरा, रॉबर्टचा पहिला आणि ब्राम्सचा पहिला ही माझी निवड आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांची सवय असेल तर कोर्तो (पियानो), तिबो (व्हायोलिन) आणि कासाल्स (चेलो) या त्रयीने १९२७ मध्ये मुद्रित केलेला मेंडेलसोनचा ओपस ४९ जरूर ऐकावा. ध्वनीत खरखर आहे, पण कासाल्सचा चेलो पहिल्या वाक्यापासून असा बोलतो की कान कुठे ठेवायचा हे वेगळे सांगावे लागत नाही. या चौघांच्या छापील संहिता स्वामित्वहक्कमुक्त असल्यामुळे आयएमएसएलपी या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येत नसले तरी त्या चाळाव्यात. पियानोच्या दोन ओळींच्या वर व्हायोलिन आणि चेलो यांच्या ओळी असतात, आणि चेलोची ओळ कुठे गच्च भरली आहे व कुठे रिकामी आहे हे नुसत्या डोळ्यांनी दिसते.

बसायचे कुठे

ट्रायोच्या मांडणीत पियानोच्या कळांची बाजू (कीबोर्ड) श्रोत्यांच्या डाव्या हाताला असते, त्यामुळे उघडलेले झाकण आवाज सभागृहाकडे फेकते. पियानोच्या पुढे डावीकडे व्हायोलिनवादक आणि उजवीकडे चेलोवादक बसतो. डावीकडची जागा घेतली तर पियानोवादकाची बोटे दिसतात, आणि बहुतेक जण त्यासाठी धडपडतात. मी मध्यावर किंवा किंचित उजवीकडे, पुढच्या काही रांगा सोडून बसण्याचा सल्ला देईन. अगदी पहिल्या रांगेत दोन्ही तंतुवाद्ये इतकी जवळ असतात, की पियानो त्यांच्या पाठीमागून आल्यासारखा वाटतो आणि तिघांचे मिश्रण होत नाही.

झाकण पूर्ण उघडे आहे की छोट्या टेकूवर अर्धे, हे पाहून ठेवावे. या गोष्टीमागे एक जुना प्रश्न आहे. मेंडेलसोन आणि शुमान दांपत्य ज्या पियानोंवर वाजवत, त्यांचा आवाज आजच्या मानाने हलका होता आणि त्यांतल्या तारा एकमेकींना समांतर असत. क्लाराकडे व्हिएन्नाच्या कोनराड ग्राफने बनवलेला पियानो होता, जो पुढे तिने ब्राम्सला दिला. ग्रँड पियानोतल्या खर्जाच्या तारा तिरप्या करून दुसऱ्या तारांवरून नेण्याचे पेटंट स्टाइनवेने १८५९ मध्ये घेतले. आजचा दणदणीत पियानो त्यानंतरचा आहे. ओपस ४९, १७ आणि ६३ हे तिन्ही ट्रायो त्याआधी लिहिले गेले. त्यांतले पियानोचे सलग धावते स्वर आजच्या वाद्यावर मोकळ्या हाताने वाजवले, तर चेलो बुडालाच. चांगला पियानोवादक झाकण उघडे ठेवूनही चेलोच्या वाक्याखाली आपला डावा हात कसा हलका करतो, हे या मैफलीतले सर्वात मोठे कसब असते आणि त्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही.

पियानोवादकाशेजारी बसून पाने उलटणाऱ्या व्यक्तीकडेही एकदा पाहावे. व्हायोलिन आणि चेलोवादकांसमोर फक्त स्वतःची ओळ असते, पियानोवादकासमोर तिन्ही ओळी असतात. त्यामुळे त्याची पाने फार लवकर संपतात. अलीकडे पुष्कळ वादक टॅबलेट ठेवून पायाच्या कळीने पान बदलतात.

मेंडेलसोन : ओपस ४९

ही रचना १८३९ ची. सुरुवातीला पियानो हळू आवाजात, तालाच्या ठोक्यांच्या मध्ये पडणारे जोडस्वर (एकदम वाजणारे अनेक स्वर) वाजवतो. त्यावर चेलो एकटाच डी मायनरमधली लांब, अस्वस्थ धून गातो. व्हायोलिन थांबलेले असते. पियानोचे ठोके जागच्या जागी पडले असते तर ही धून एखाद्या संथ गीतासारखी वाटली असती. ते अडखळत पडत असल्यामुळे गाणाऱ्याच्या छातीत धडधड चालू आहे असा भास होतो. हे पहिले अर्धे मिनिट पकडावे. दुसरी धून मेजरमध्ये येते, आणि तीही प्रथम चेलोलाच मिळते. एका भागातल्या दोन्ही मुख्य धुना चेलोकडून वदवणे हा मेंडेलसोनचा निर्णय आहे, आणि तो हायडनच्या काळात कोणी घेतला नसता.

भाग पुढे सरकून पहिली धून परत येते तेव्हा सावध राहावे. चेलो तेच गातो, पण आता व्हायोलिन त्याच्या वरून एक नवी ओळ खाली उतरवत आणते. पहिल्या वेळी थांबलेले व्हायोलिन आता धून हिसकावून घेत नाही, तिच्याभोवती फिरते. हे एकदा कानात बसले की परत येणारी धून ओळखण्याचा आनंद दरवेळी मिळू लागतो.

पियानोचा भाग इतका चमकदार होण्यामागे एक मित्र आहे. फर्डिनांड हिलर पॅरिसमध्ये राहून लिस्ट आणि शोपॅं यांचे नवे पियानोवादन जवळून पाहून आला होता. मेंडेलसोनने त्याला ट्रायो वाजवून दाखवला, तेव्हा पियानोची जडणघडण जुन्या वळणाची वाटते असे हिलरने सांगितले, आणि मेंडेलसोनने कुरकुर करत का होईना, ती पुन्हा लिहून काढली. तिसऱ्या भागातला चपळ स्केर्त्सो (खेळकर, वेगवान भाग) ऐकताना याची आठवण ठेवावी; तो इतका भरभर संपतो की तयारी नसेल तर सुटतो. दुसऱ्या भागाबद्दल फार सांगण्यासारखे नाही : पियानो एकटा सुरू करतो, मग व्हायोलिन आणि चेलो सामील होतात, आणि ऐकणाऱ्याने निवांत बसावे. शेवटच्या भागात मात्र एका लांब-छोट्या-छोट्या स्वरांच्या लयीचा ध्यास चालू असताना मध्येच चेलो सगळे बाजूला सारून एक रुंद, मोकळी धून काढतो. ती यायची वाट पाहावी. त्यानंतर रचना डी मेजरमध्ये संपते.

क्लारा शुमान : ओपस १७

येथे चेलोचा शोध घेणाऱ्याला धीर धरावा लागतो. पहिला भाग व्हायोलिनच्या धुनेने सुरू होतो आणि चेलो बराच वेळ आधार देत राहतो. म्हणून कोणी ही रचना मेंडेलसोनपेक्षा जुन्या वळणाची आहे असे म्हणेल, पण निकाल देण्यापूर्वी तिसऱ्या भागापर्यंत थांबावे. हा जी मेजरमधला आंदान्ते, म्हणजे संथ चालीचा भाग, पियानोने एकट्याने उघडतो. तीच धून मग व्हायोलिन घेते. मध्ये सूर मायनरकडे वळतो, झटके देणारी लय येते, वातावरण ढवळून निघते. आणि सगळे शांत झाल्यावर धून परत येते ती चेलोच्या हातात. इतका वेळ मागे ठेवलेला आवाज नेमका आता पुढे आणल्यामुळे तीच धून तिसऱ्यांदा ऐकताना पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटते. मैफलीत यावेळी चेलोवादकाच्या उजव्या हाताकडे पाहावे. गज सावकाश ओढूनही सूर पातळ होऊ न देणे किती कठीण आहे ते दिसते.

दुसऱ्या भागात छोटा स्वर ठोक्यावर आणि लांब स्वर त्यानंतर अशी उलटी लय आहे. ती खेळकर आहे आणि वादकांनी ती जड केली तर भाग पडतो. चौथ्या भागाच्या मधोमध एकाच धुनेमागून तीच धून दुसऱ्या आणि तिसऱ्या वाद्यात शिरते, असा फ्यूग या रचनाप्रकारासारखा तुकडा आहे. योआखिमने पुढे क्लाराला लिहिलेल्या पत्रात या तुकड्याची आठवण सांगितली आहे : बाईमाणूस इतके भक्कम आणि गंभीर काही लिहू शकेल यावर आपला विश्वास बसेना, तेव्हा मेंडेलसोन आपल्याला मनसोक्त हसला होता. योआखिम त्या वेळी लाइपझिगला शिकणारा मुलगा होता, म्हणून त्याला माफ करता येते. क्लाराला स्वतःलाही, रॉबर्टचा डी मायनर ट्रायो झाल्यावर, आपला ट्रायो बायकी आणि हळवा वाटू लागला, असे तिने रोजनिशीत नोंदवले आहे. तिचे हे मत श्रोत्याने अजिबात मनावर घेऊ नये. या चौघांच्या ट्रायोंमध्ये एकही स्वर जास्तीचा नाही असे कोणाच्या रचनेबद्दल म्हणता येत असेल, तर ते तिच्याच.

रॉबर्ट शुमान : ओपस ६३

क्लारानंतर लगेच हा ट्रायो असेल तर फरक एका वाक्यात जाणवतो. व्हायोलिन सुरू करते, पण खालच्या, काळोख्या पट्टीत; पियानो त्याच्याभोवती न थांबता विणत राहतो आणि ठोका नेमका कुठे आहे हेच लवकर कळत नाही. येथे चेलो वेगळा काढणे कठीण जाते, आणि ते कठीण जावे अशीच ही वीण आहे. कान थकला तर थकू द्यावा, कारण भागाच्या मध्यावर रॉबर्ट आपण होऊन दार उघडतो. गती निवळते, व्हायोलिन आणि चेलो गज घोडीच्या अगदी जवळ नेऊन ओढतात, त्यामुळे सुराचा गाभा नाहीसा होऊन काचेसारखा, किंचित खरखरीत नाद उरतो, आणि पियानो मऊ पेडल दाबून वरच्या सप्तकात हलके जोडस्वर टाकतो. ही धून पूर्वी कुठेच आलेली नसते. सभागृहात कोणी खोकले तर ती जागा गेली. म्हणून खोकला असेल त्याने आधीच गोळी तोंडात ठेवावी, आणि तिचा कागद मैफल सुरू होण्यापूर्वी सोडवावा.

दुसऱ्या भागाच्या मधल्या, शांत विभागात चढती-उतरती साधी ओळ एका वाद्यामागून दुसऱ्यात जाते. तेथे तिन्ही वाद्ये वेगळी ऐकण्याचा सराव करता येतो. तिसऱ्या भागात व्हायोलिन जवळजवळ बोलल्यासारखे एकटे सुरू होते, पियानो त्याच्यासोबत असतो, आणि चेलो बऱ्याच उशिरा शिरतो. तो शिरतो त्या क्षणी खोलीचे तापमान बदलते. हा भाग संपला असे वाटताच वादक न थांबता शेवटच्या भागात जातात, तेव्हा या ठिकाणी हात मांडीवरच ठेवावेत.

ब्राम्स : ओपस ८

मध्यंतरानंतर डोके ताजे असताना हा येतो, हे बरे. पियानो एकटा एक रुंद धून सुरू करतो, थोड्याच वेळात चेलो ती उचलतो, आणि दोघे मिळून ती पुढे नेत असताना व्हायोलिन बराच वेळ स्वस्थ बसून असते. मेंडेलसोनच्या आरंभाची रचना आठवावी : तेथेही चेलो आधी, व्हायोलिन मागून. सारखेपणा तेवढाच. तेथली धडधड येथे नाही. येथे वीस वर्षांच्या मुलाला सगळे जग आपले वाटते आहे. व्हायोलिन अखेर येते तेव्हा आवाज वाढण्यापेक्षा रुंद होतो, आणि त्यासाठी ते इतका वेळ राखून ठेवले होते हे कळते.

स्केर्त्सो बी मायनरमध्ये आहे आणि त्याची दबक्या पावलांची सुरुवात चेलो करतो. त्याच्या मध्ये एक भरघोस, नाचरी धून येते, जी कोणालाही आवडेल. तिसऱ्या, संथ भागात पियानोचे प्रार्थनेसारखे जोडस्वर आणि व्हायोलिन-चेलोची उत्तरे आलटून पालटून येतात. मधल्या विभागात चेलोला एक दीर्घ, एकाकी धून आहे. चौथा भागही चेलोच सुरू करतो, अस्वस्थ आणि धापा टाकत. ट्रायो मेजरमध्ये सुरू होऊन मायनरमध्ये संपतो. असा शेवट त्या काळी विरळाच होता. मायनरकडून मेजरकडे जाणे हा रुळलेला रस्ता, आणि मेंडेलसोनचा ट्रायो त्याच रस्त्याने गेला आहे. दोन्ही ट्रायो एकाच संध्याकाळी असतील तर हे दोन शेवट शेजारी ठेवून ऐकावेत.

आवृत्त्यांचा प्रश्न येथे येतो. प्रकाशकाने जुन्या रचना नव्याने छापायला घेतल्या, तेव्हा छप्पन वर्षांच्या ब्राम्सने १८८९ च्या उन्हाळ्यात हा ट्रायो पुन्हा लिहिला, आणि आता त्याला ओपस ८ ऐवजी ओपस १०८ म्हणता येईल, असे क्लाराला गमतीने कळवले. पहिली धून त्याने ठेवली, स्केर्त्सो जवळजवळ तसाच ठेवला, पण उरलेल्या तिन्ही भागांतल्या दुसऱ्या धुना काढून नव्या घातल्या आणि रचना बरीच आटोपशीर केली. वर उल्लेख केलेली संथ भागातली चेलोची धून ही या नव्या लेखणीतली आहे. हे नवे रूप १० जानेवारी १८९० रोजी बुडापेस्टमध्ये प्रथम वाजले. पियानोवर ब्राम्स स्वतः होता, व्हायोलिनवर हुबाय आणि चेलोवर डाव्हिड पोपर. म्हणजे आपण ऐकतो ती एकच रचना असली, तरी तिच्यात वीस वर्षांचा तरुण आणि छप्पनचा गृहस्थ आळीपाळीने बोलतात, आणि सांधा कुठे आहे ते पहिल्यांदा ऐकताना बहुधा सापडत नाही.

टाळ्या आणि नंतर

प्रत्येक ट्रायो चार भागांचा आहे आणि टाळ्या चौथ्यानंतर द्यायच्या असतात. भाग मोजण्यात चूक होण्याची भीती वाटत असेल, तर तिन्ही वादकांचे हात खाली येऊन ते श्रोत्यांकडे पाहीपर्यंत थांबावे. दोन भागांच्या मध्ये वादक कधी तारा जुळवून घेतात, त्या वेळी कुजबुज केली तरी चालते, फोन काढू नये.

घरी आल्यावर लगेच दुसरे काही ऐकू नये, असे माझे मत आहे. दोन-तीन दिवसांनी तयारीच्या वेळचा एकच भाग पुन्हा लावावा आणि या खेपेला कान चेलोवरून उठवून पियानोवादकाच्या डाव्या हातावर ठेवावा. जो खर्ज पूर्वी चेलोला जखडून ठेवत असे, तो आता एकट्याने काय करतो ते ऐकण्यासारखे आहे. ज्याला ब्राम्स अधिक भिडला असेल त्याने ओपस ८ ची १८५४ ची आवृत्ती शोधावी. तिची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. आरंभ ओळखीचा वाटेल, स्केर्त्सोत घरी आल्यासारखे होईल, पण संथ भागाच्या मध्यावर मैफलीत ऐकलेली चेलोची धून येणार नाही.